वरचे क्रेडिट

९ जानेवारी

झालं. बोंबललं सगळं!

सकाळी भूगोलाच्या प्रॅक्टिकलला गेले तर हजेरीत माझं नावच नाही. सर म्हणाले, ऑफिसात जाऊन ये. ऑफिसात फीचं बघणारे क्लार्क प्रसेनजित सर म्हणाले, तुझी फी सरकारी योजनेतून आलीच नाही, शेवटच्या सेमिस्टरचं रजिस्ट्रेशन अडकलंय. मी म्हटलं, काऊन? माझे सगळे पेपर निघालेत, एकही बॅक नाही. ते म्हणाले, "तोच तर घोळ आहे. तू जास्त शिकली!"

जास्त शिकली म्हणून फी बंद! असं कधी ऐकलं नव्हतं बापा.

समजलं ते असं. पदवीला जेवढे क्रेडिट लागतात तेवढ्यांचे पैसे सरकार कॉलेजला देतं. थोडे इकडेतिकडे चालतात. त्याच्या पुढे गेलात की ज्याचं त्याने बघायचं. या वर्षीपासून नवीन नियम. माझं पहिलं वर्ष गेलं कॉमर्समध्ये — बाबांच्या मित्राची, गजेंद्रकाकाची अक्कल! "कॉमर्स घे, बँकेत चिपकशील." जमलं नाही, भूगोलात आले. पण कॉमर्सचे क्रेडिट खात्यात तसेच बसून राहिले. त्यात मी एक नंबरची हावरट. मोडी लिपीचा कोर्स निघाला — घेतला. माती परीक्षणाचा निघाला — घेतला. घरी विचारलं तर माय म्हणे, "भेटून राह्यलं तं घे नं वं! त्याचं का वजन होते?"

झालं ना वजन!

आणि नुसती फी असती तर गोष्ट वेगळी. योजनेत नाव आहे म्हणून हॉस्टेलात खोली आहे. नाव गेलं की खोली गेली. रोहिणखेडहून रोज बुलढाण्याला ये-जा करायची तर बस राजूर घाटात कधी बंद पडेल त्याचा नेम नाही, ते बाबा करू देणार नाहीत. अन् तिकडे दुसरबीडचं स्थळ तयारच बसलंय. बाबा दिवाळीत त्यांना म्हणाले होते, "पोरीची डिग्री होऊ द्या, मंग बोलू." म्हणजे डिग्री अडकली तर आत्ताच बोलणार. मला तो मुलगा वाईट वाटत नाही, पण मला बी.एड. करायचंय. मला शाळेत भूगोल शिकवायचाय. एवढं एकच हवंय मला, दुसरं काही नाही.

भूक नाही. माझी रूममेट महामाया, तिने माझ्या वाटची पोळी खाल्ली.

१० जानेवारी

प्रसेनजित सर खूप वेळ बसले माझ्यासाठी. डबा तसाच बाजूला झाकलेला. मोडीचा आणि मातीचा कोर्स छंद म्हणून दाखवता येईल, म्हणाले, आणि तिथल्या तिथे टाकलेही, म्हणजे ते मोजणीतून बाहेर. माझा जीव भांड्यात पडला. पण कॉमर्सचे काही निघेनात. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "हे बघ, हे वरचे तुलाच भरावे लागतील."

किती?

"आत्ता नाही सांगता येत. बघून सांगतो. पैसे भरायचं पोर्टल बंद आहे, पावती नंतर भेटेल. पण घरी सांगून ठेव, लवकर जमवा."

चांगला माणूस आहे. कंत्राटावर आहेत, दर वर्षी मार्चमध्ये त्यांचं काय होईल ते त्यांनाच माहीत नसतं. तरी दुसऱ्यांसारखं 'उद्या ये' म्हणत नाहीत.

उद्या बाबांना फोन करायचा.

११ जानेवारी

फोन लागला तेव्हा बाबा शेतात, मागे तुरीचं थ्रेशर चालू. अर्धं ऐकू येतं, अर्धं नाही. मी ओरडून सांगितलं, बाबा, माझं रजिस्ट्रेशन अडकलं, ऑफिसमधले सर म्हणतात वरचे भरावे लागतील.

"काय भरा लागते?"

वरचे!

थ्रेशर बंद झालं. कोणी बंद केलं की डिझेल संपलं देव जाणे. बाबांचा आवाज एकदम शांत.

"वरचे म्हणे? किती म्हणते?"

ते अजून नाही सांगितलं. बघून सांगतो म्हणाले.

"पावती देते काय?"

पावती नंतर भेटेल म्हणाले.

"नाव काय त्याचं?"

मी नाव सांगितलं. आडनावासकट सांगितलं. बाबांनी ते आडनाव एकदा परत म्हणून पाहिलं. मग म्हणाले, "बरं. तू कोणाले काही बोलू नोको. अभ्यास कर. मी पाहतो काय पाहाचं ते."

किती हलकं वाटलं! मी उगाच घाबरत होते. बाबा बाकी कसेही असोत, शिक्षणाच्या बाबतीत मागे हटत नाहीत. महामाया म्हणाली, नशीबवान आहेस. तिच्या घरी संग्रामपूरला असं काही सांगितलं असतं तर तिच्या आईने आधी रडून घेतलं असतं.

१२ जानेवारी

कॉलेज अर्धं रिकामं, सगळे सिंदखेडराजाला जिजाऊ जयंतीला गेलेले. बाबांचा फोन नाही.

१३ जानेवारी

माय वं! काय लिहू!

मी वाचनालयात होते. खालून आरडाओरडा. पहिला आवाज गजेंद्रकाकाचा. गजेंद्रकाका म्हणजे तालुक्यात कुठेही अर्ज टाकायचा असला की पुढे. वाटलं, कुठल्या मोर्च्याचं असेल. आणि मग बाबा! माझे बाबा, जे एस.टी.त कंडक्टरला सुटे मागायलाही लाजतात, ते ऑफिसच्या दारात उभे राहून ओरडत होते —

"वरचे मागतं काय बे माह्या पोरीले? वरचे पायजे तुले? सरकारचा पगार पुरत नाही काय?"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वरचे! वरचे पैसे! अरे देवा. बाबांना वाटलं सरांनी लाच मागितली.

मी जिन्यातच उभी राहिले. खाली पोरं जमली, मोबाइल निघाले. गजेंद्रकाका एकेकाला सांगत होता, "काढा, काढा, चेहरा नीट येऊ द्या." प्रसेनजित सर उठून आले, हात जोडले, बाबांना म्हणाले, "काका, आत या. एकदा स्क्रीनवर पाहा. मग काय बोलायचं ते बोला." बाबा आत गेले. दार लागलं. बराच वेळ काही आवाज नाही.

बाहेर आले तेव्हा बाबांचा सूर उतरलेला होता. मला वाटलं, सुटलो, मिटलं. पण तेवढ्यात प्राचार्य मॅडम वरून आल्या, घाबरलेल्या, आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दादा, तुम्ही शांत व्हा. मुलीचं काम अडणार नाही, मी शब्द देते. याची चौकशी लावते." अन् बाबा परत चढले! "लावाच! अशा माणसाले ठेवूच नका!"

मला खाली जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. एकच वाक्य. बाबा, वरचे म्हणजे वरचे क्रेडिट.

नाही गेले. पोरं होती, मोबाइल होते. बाबा सगळ्यांसमोर येडे ठरले असते. मी वाचनालयात परत जाऊन पुस्तक उघडलं. उलटं होतं ते, नंतर कळलं.

१४ जानेवारी

संक्रांत. हॉस्टेलात तीळगूळ वाटले. कोणी माझ्याशी गोड बोललं, कोणी नाही.

व्हिडिओ सगळ्यांकडे पोचलाय. खाली लिहिलंय — 'बापाने काढली लाचखोराची इज्जत'. हजारो लोकांनी पाहिला म्हणे. सर व्हिडिओत हात जोडून उभे आहेत, आणि हात जोडलेला माणूस असा दिसतो की त्याने केलंच असेल.

महामायाला मी खरं सांगितलं. फक्त तिलाच. वाटलं, ती म्हणेल जाऊ दे, होईल ठीक. ती कपडे घडी करत होती. घडी करताकरता म्हणाली, "तू सांगितलं का मग बाबांना?"

अजून नाही.

"मॅडमला?"

नाही.

मग ती जे बोलली ते शब्दाला शब्द लिहिते. "तुझ्या बाबांनी नाव ऐकलं, आडनाव ऐकलं, अन् खरं मानलं. नाव दुसरं असतं ना पुष्पा, तर आधी विचारलं असतं. पावती मागितली असती, फार तर. इज्जत नसती काढली."

मी चिडले. म्हटलं, माझे बाबा तसले नाहीत. त्यांनी थ्रेशरच्या आवाजात चुकीचं ऐकलं, बस. ती म्हणाली, "बरं." आणि बाहेर गेली.

तसले नाहीतच बाबा. आमच्याकडे त्यांचे मित्र सगळ्या जातीचे आहेत. जेवायला येतात. चूक झाली, ऐकण्यात झाली. वरचे हा शब्दच तसला.

१६ जानेवारी

प्राचार्य मॅडमनी बोलावलं. चहा दिला! इतक्या वर्षांत कधी नाव घेतलं नव्हतं, आज "बस बेटा". म्हणाल्या, तुझ्या वरच्या क्रेडिटचं कॉलेजच्या निधीतून करून घेऊ, तू काळजी करू नको. संस्थेचे लोक घाबरलेत, व्हिडिओ वरपर्यंत गेलाय. प्रसेनजित सरांना सध्या येऊ नका म्हणून सांगितलंय. चौकशी लागेल तेव्हा तू फक्त जे झालं ते सांग.

मी म्हटलं, मॅडम, ते जरा वेगळं —

"चौकशीत सांग गं. आत्ता कशाला." आणि फोन उचलला.

म्हणजे माझं काम झालं. फी झाली, खोली राहिली, डिग्री होणार. आनंद व्हायला पाहिजे.

१९ जानेवारी

हजेरीत नाव आलं. मागाहून पेनाने जोडलेलं, सगळ्यात खाली. भूगोलाच्या सरांनी मोठ्याने घेतलं. सगळा वर्ग मागे वळून पाहत होता.

२२ जानेवारी

आज प्रसेनजित सर दिसले. संगम चौकाजवळ झेरॉक्सच्या दुकानात, मशीनवर. आधी वाटलं झेरॉक्स काढायला आलेत. नाही — तेच काढून देत होते लोकांना. मी परत फिरणार होते, पण त्यांनी पाहिलं.

"पुष्पांजली. नाव आलं का हजेरीत?"

हो म्हटलं. म्हटलं, सर, माझ्यामुळे —

"शब्द माझाच चुकला," ते म्हणाले. "अतिरिक्त म्हणायला पाहिजे होतं. पण अतिरिक्त म्हटलं की तुम्ही पोरं तोंडाकडे पाहता. वरचे म्हटलं की कळतं. म्हणून सवय लागली."

मी म्हटलं, सर, तुम्ही मॅडमना सांगा ना, तुम्ही काय म्हणाला होता ते. तुमचं ऐकतील.

त्यांनी एक पान फिरवून ठेवलं. "माझं जे सांगायचं ते मी त्याच दिवशी सांगितलंय. आता पुन्हा पुन्हा सांगून काय? आता तुला विचारतील. तू काय सांगायचं ते तुझं तू बघ." मागून एक माणूस ओरडला, दोन आधार कार्ड मागून-पुढून. ते वळले.

रागावले असते तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर मी पण रडून मोकळी झाले असते. पोरीचं नाव हजेरीत आलं का, हे काय विचारणं झालं!

२६ जानेवारी

सकाळी मायचा फोन. शाळेत झेंडावंदनाला बाबांचा सत्कार झाला. शाल, नारळ! गजेंद्रकाकाने भाषण ठोकलं, 'रोहिणखेडच्या किसनरावनं बुलढाण्यात जाऊन भ्रष्टाचाराले वाचा फोडली.' पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसरबीडच्या लोकांनीही व्हिडिओ पाहिला, म्हणे सासरा असावा तर असा.

मी विचारलं, बाबा काय बोलले?

"काही नाही वं. शाल घेतली, बसले. तुह्या बापाले कुठं भाषण येते?"

आता सांगू? शालीवर नारळ घेऊन बसलेल्या माणसाला सांगू की तुम्ही ऐकलंच चुकीचं? गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पुढची दहा वर्षं पारावर लोक 'वरचे, वरचे' म्हणून हसतील. आमच्या गावात एकदा नाव पडलं की पोराबाळांना पण तेच चिकटतं.

दिवसभर डोकं भणभणतंय.

२८ जानेवारी

मायला फोनवर आडून विचारलं. माय, वरचे म्हटलं की तुला काय वाटतं?

"वरचे म्हंजे? वरचं दूध?" माय म्हणाली. म्हणे, तुह्यावेळी मले दूध नोतं, तुले शेळीचं वरचं दूध पाजलं. मग म्हणाली, वरचं काम असते, वरचा खर्च असते. काऊन वं, असं काऊन विचारून राह्यली?

म्हटलं, असंच. बाबांना वरचे म्हटलं की काय वाटत असेल?

माय हसली. "तुह्या बापाले काय वाटते ते मले आजवर समजलं नाही."

मायच्या डोक्यात पैसा आलाच नाही. दूध आलं. मी त्या दिवशी मायला फोन लावला असता तर हे काहीच झालं नसतं. पण शेतात जाताना मोबाइल बाबांच्या खिशात असतो.

१ फेब्रुवारी

चौकशीचं पत्र आलं. चार तारखेला. मला, बाबांना, सरांना.

दिवसभर मनात उलटसुलट. सांगितलं तर — कॉलेजच्या निधीतून करतो म्हणाल्यात ते का करतील? घाबरले म्हणून करत होते. भीती गेली की नियम आला. म्हणजे फी गेली, खोली गेली, परीक्षेचा फॉर्म गेला. वर बाबांची फजिती. नाही सांगितलं तर — काहीच होणार नाही मला. एका माणसाचं कंत्राट मार्चला तसंही संपतंय.

हे शेवटचं वाक्य लिहिलं आणि माझीच मला किळस आली.

२ फेब्रुवारी

महामाया परत बोलायला लागली. म्हणजे एवढंच — "बादली माझी आहे."

३ फेब्रुवारी

ठरवलं. सांगणार. बाबांना आधी सांगायचं, बंद खोलीत काही फुटायच्या आत त्यांना सावरायला वेळ मिळावा. संध्याकाळी फोन लावला. बाबा म्हणाले, "येतो उद्या. दहाच्या गाडीनं. गजू पण येऊन राह्यला."

बाबा, मला तुमच्याशी बोलायचंय. त्या दिवशीचं —

"उद्या बोलू. तू फक्त विचारतील तेवढ्याचं उत्तर देजो. आगाऊ काही बोलू नोको."

ठेवला फोन. आगाऊ नोको! सगळी भानगड आगाऊ न बोलण्यानेच झाली ना. मी त्या दिवशी एक शब्द जास्तीचा बोलले असते, वरचे-च्या पुढे क्रेडिट म्हटलं असतं, तर!

सकाळी डोळे सुजलेले असणार. असू दे.

४ फेब्रुवारी

झालं एकदाचं. लिहिते, नाहीतर विसरेन कसं झालं.

प्राचार्य मॅडमच्या केबिनमध्ये तिघे. मॅडम, संस्थेचे एक जाडे सर, आणि एक बाहेरच्या मॅडम, त्या लिहून घेत होत्या. बाबा आणि गजेंद्रकाका बाहेर बाकावर. प्रसेनजित सर बाकाच्या दुसऱ्या टोकाला. मी आत जाताना तिघांमधून गेले, कोणाकडेच पाहिलं नाही.

संस्थेच्या सरांनी विचारलं, "तुला पैसे भरायला सांगितले?"

हो.

"वरचे भरावे लागतील, असं म्हणाले?"

हो.

"पावती नंतर देतो म्हणाले?"

हो, म्हणाले.

"बस. झालं. सही कर इथे. जा बेटा, तुझा अभ्यास पाहा."

एवढंच! तिन्ही खरं. एक शब्द खोटा नाही. मी सही केली. खुर्ची मागे सरकवली, दारापर्यंत गेले. कडीला हात लावला. मला बाबांचं वाक्य आठवलं, विचारतील तेवढंच. तेवढंच तर सांगितलं होतं! आणि तेवढ्यानेच एक माणूस पार बुडाला होता.

मग मला जे झालं ते झालं. मी मागे फिरले आणि ओरडलेच. ओरडले हो, प्राचार्यांच्या केबिनमध्ये! म्हटलं, वरचे म्हणजे लाच नाही! वरचे म्हणजे वरचे क्रेडिट! नियमात बसत नाहीत ते! त्यांनी तर माझे निम्मे कमी करून दिले होते, जेवले नव्हते त्या दिवशी माझ्यासाठी! फोनवर मी अर्धंच बोलले, बाबांनी अर्धंच ऐकलं, आणि तुम्ही तर काहीच विचारलं नाही! पोर्टलवर बघा ना, ते दोन कोर्स छंदात टाकलेत, कोणी टाकले? लाच खाणारा माणूस आधीच काम करून ठेवतो का?

संस्थेचे सर मॅडमकडे पाहायला लागले, मॅडम खिडकीकडे. बाहेरच्या मॅडमनी मात्र पेन उचललं. "परत सांग. हळू."

हळू सांगितलं. सगळं. दारात ओरडणाऱ्या बाबांसकट.

प्राचार्य मॅडम शेवटी म्हणाल्या, "हे सांगितल्यावर तुझ्या फीचं काय होतं, कळतंय ना? निधी तक्रारीच्या संदर्भात मंजूर केला होता."

कळतंय म्हटलं.

"मग नियमाप्रमाणे होईल."

होऊ द्या.

बाहेर आले. केबिनचं दार पातळ आहे. बाकावरच्या तिघांनी सगळं ऐकलं होतं. गजेंद्रकाका उभा राहून म्हणाला, "पोट्टी फुटली बे किसनराव! कोणी पढवलं तिले?" प्रसेनजित सर माझ्याकडे न पाहता आत गेले, त्यांचं नाव पुकारलं होतं. मी बाबांपुढे उभी राहिले. म्हटलं, बाबा, तुमची चूक नाही. आवाज होता थ्रेशरचा.

बाबांनी टोपी नीट केली. माझ्या डोक्यावर हात ठेवला, खूप जड. मग गजेंद्रकाकाला घेऊन बसस्टँडकडे निघाले. मान खाली. माझ्यामुळे. सगळ्यांसमोर बापाला खोटं पाडणारी पोरगी झाले मी.

महामायाने तिचा डबा माझ्यापुढे ठेवला. भरीत होतं. दोघींनी खाल्लं. ती म्हणाली, खोली खाली करायला लावली तर माझ्या कॉटवर झोप, वॉर्डनला काय कळतंय. मी म्हटलं, तू पण जाशील माझ्यासोबत. म्हणाली, जाऊ की. संग्रामपूरला. मग दोघी हसलो, फार नाही.

सरांचं काय झालं अजून कळलं नाही. सगळं अधांतरी आहे, पण आज प्रथमच जेवण पोटात राहिलं.

५ फेब्रुवारी

बाबांचा फोन. उचलल्याउचलल्या मी रडायलाच लागले. म्हटलं, मला माफ करा, गावात तुमचं हसं झालं असेल, पण तुम्ही मुद्दाम थोडंच केलं, ऐकण्यात चूक कोणाचीही होते.

"चूक नाही झाली, पुष्पे," बाबा म्हणाले. "त्यानं मले आत नेलं नं त्या दिवशी, तवाच सगळं समजावून सांगतलं. क्रेडिट, नियम, सारं. मले समजलं होतं."

मला वाटलं मीच चुकीचं ऐकतेय. विचारलं, मग बाहेर येऊन —

"मॅडम म्हणे, पोरीचं काम करून देतो. तुह्यं काम होऊन राह्यलं होतं, बेटा. मी काऊन बोलू?"